गाडी उचलणाऱ्या सगळ्या गॅरेजवाल्यांना आणि किट विकणाऱ्यांना खुलं पत्र: ब्रेकचे होज पण बदला

नमस्कार मंडळी,

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा, जिथे जिथे थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा, बोलेरो नाहीतर जुन्या एमएम 540 उचलायची कामं चालतात तिथल्या सगळ्या मिस्त्रींना, गॅरेजमालकांना आणि लिफ्ट किट विकणाऱ्या दुकानदारांना हे पत्र लिहितोय. विषय एकच आहे. गाडी वर उचलली, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिची उंची वाढवली, आणि लांब शॉकअप लावले की चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) तोकडा पडतो, आणि तो बदलायचं काम खूप ठिकाणी होतच नाही. बिलावर कॉइल असतात, शॉकअप असतात, अलाइनमेंट असतं, मोठे टायर असतात, ब्रेक होजची ओळ मात्र नसते.

आधी हे काम ठराविक लोकच करून घ्यायचे, जीपवाले, जिप्सीवाले, ज्यांना गाडीखाली झोपून बघायची सवय होती. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली, मग जून 2023 मध्ये जिम्नी आली, आणि आता शोरूममधून गाडी काढून पंधरा दिवसांत लिफ्ट करून घेणारे लोक आहेत ज्यांनी आयुष्यात गाडीखाली डोकं घातलेलं नाही. त्यांना होज म्हणजे काय तेच माहीत नसतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही, ते तुमच्यावर विश्वास ठेवून चावी देतात. म्हणून पत्र त्यांना नाही, तुम्हाला.

होज काय करतो हे तुम्हाला मी काय सांगणार, पण हे वाचणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी सांगतो. ब्रेक पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चेसिसवरून स्टीलची बारीक पाइप येते, ती एका ब्रॅकेटवर थांबते, आणि तिथून पुढे चाक वरखाली होणार, वळणार म्हणून रबरी फ्लेक्झिबल होज लावलेला असतो, पुढच्या चाकांना तो कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जातो आणि मागे बऱ्याच गाड्यांत एक्सलला. जोरात ब्रेक दाबला की आतलं प्रेशर हजार पीएसआयच्या वर सहज जातं. कंपनीने तो होज मोजून दिलेला असतो, त्या गाडीचं चाक कंपनीच्या शॉकअपवर जेवढं खाली लटकू शकतं तेवढ्यासाठी आणि वर थोडी ढील. तुम्ही शॉकअप बदलला की ते गणितच बदललं.

आता गडबड कुठे होते ते बघा. काम झालं, गाडी खाली उतरवली, मिस्त्री वाकून बघतो, होजला छान बाक आहे, म्हणजे झालं. पण उभ्या गाडीत बघून काहीच कळत नाही हो! उभ्या गाडीत चाक मधल्या जागी असतं. होजचा खरा कस लागतो ते चाक पूर्ण खाली लटकल्यावर, आणि ते किती खाली जाणार हे लिफ्ट किती इंचाची यावर ठरत नाही, शॉकअप पूर्ण उघडल्यावर किती लांब होतो यावर ठरतं. 2 इंचाची लिफ्ट म्हणून घेतलेल्या किटमधला शॉकअप जुन्यापेक्षा 3 इंच जास्त उघडत असेल तर होजला ते 3 इंच पुरले पाहिजेत. त्यात पुढच्या चाकाला स्टिअरिंगची भर पडते. सरळ चाकात पुरणारा होज फुल कट मारल्यावर ताठ होतो, कुठल्या बाजूला होईल ते होज पुढून येतो का मागून त्यावर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूला कट मारून बघितल्याशिवाय सुटका नाही.

स्पेसरवाल्या, म्हणजे कॉइलला नाहीतर शॉकअपला जाड तुकडा लावून केलेल्या, स्वस्त लिफ्टबद्दल तर दोन्हीकडून गैरसमज आहेत. कोणी म्हणतं स्पेसरला होज लागतच नाही, कोणी म्हणतं कायम लागतो. स्पेसर बसवला कुठे ते बघा ना. मागे कॉइल वेगळी आणि शॉकअप वेगळा असेल, आणि स्पेसर फक्त कॉइलखाली गेला, शॉकअप कंपनीचाच राहिला, तर गाडी वर आली तरी एक्सल खाली जाऊन जाऊन तिथेच थांबणार जिथे आधी थांबायचा, कारण त्याला थांबवणारा शॉकअप तोच आहे. तिथे होज बहुतेक वेळा पुरतो (त्या शॉकअपचे हाल होतात तो वेगळा विषय). पण नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, कॉइल आणि शॉकअप एकत्र, आणि तिथे अख्ख्या असेंब्लीच्या डोक्यावर स्पेसर ठेवला की सगळं असेंब्ली खाली सरकतं, म्हणजे चाकाचं लटकणं पण वाढतं. ते पण स्पेसरच्या जाडीएवढं नाही तर त्याहून जास्त, कारण शॉकअप खालच्या आर्मवर चाकाच्या आतल्या बाजूला धरलेला असतो. एक इंचाचा तुकडा टाकला आणि चाकापाशी जवळजवळ दोन इंच फरक पडला असं होऊ शकतं. मग अर्ध्या तासात स्पेसर टाकून गाडी बाहेर काढता आणि होजकडे बघत पण नाही, ते कसं चालेल?

पाट्याच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाड्यांची अजून वेगळी गंमत नाही, वेगळा धोका आहे. जिप्सीला, जुन्या जीपला चारही बाजूला पाटे. नवीन कडक पाटे टाकून तुम्ही गाडी चेसिसला जॅक लावून उचलली आणि बघितलं तर एक्सल पूर्ण खाली येतच नाही, कारण एक्सलच्या स्वतःच्या वजनाला ते पाटे ओढवत नाहीत. तुम्हाला वाटतं होजला जागा आहे. मग तीच गाडी एखाद्या नाल्यात तिरकी उतरते, एका कोपऱ्यावर सगळं वजन येऊन एक चाक वर दाबलं जातं आणि दुसरं खाली खेचलं जातं, आणि गॅरेजमध्ये दिसलं नव्हतं तेवढं ते चाक खाली जातं. त्यामुळे पाट्याच्या गाडीत नुसती उचलून बघणं म्हणजे चेक नाही. एक तर रॅम्पवर एक चाक चढवून तिरकी करून बघा, नाहीतर शॉकअप हाताने पूर्ण उघडून त्याची लांबी मोजा आणि एक्सल तिथपर्यंत गेला असं धरून होज मोजा.

आमच्या ओळखीतल्या एकाच्या जिप्सीचं हेच झालं होतं. एका गॅरेजात पाटे आणि शॉकअप दोन्ही बदलून घेतले होते, काम दिसायला एकदम स्वच्छ, वेल्डिंग नाही, काही नाही. मुळशीच्या बाजूला एका ट्रेलवर ओढा पार करताना मागचं चाक खोल गेलं, गाडी निघाली पण व्यवस्थित, कोणाला काही आवाज नाही, काही नाही. जरा पुढे सपाटीवर आल्यावर तो म्हणाला पेडल खाली जातंय. खाली झोपून बघितलं तर मागच्या एक्सलला जाणारा जो मधला होज असतो तो क्रिम्पपाशी, म्हणजे टोकाला धातूची कॅप दाबून बसवलेली असते तिथे, ओला होता आणि ऑइल एक्सलवर ओघळत होतं. तिथून पुढे ताम्हिणी उतरून कोकणात जायचा प्लॅन होता. तो ओढा जर नसता आणि हेच अर्धवट ताणलेलं टोक घाटात सुटलं असतं तर काय झालं असतं हे मी वेगळं लिहायची गरज नाही. गाडी टो करून पौडपर्यंत आणली. नवीन होज टाकायला काय लागतं, एक तास पण नाही, आणि हेच काम पाटे बदलताना गाडी उघडी असतानाच झालं असतं.

कोणी म्हणेल हल्ली टॅन्डम मास्टर सिलिंडर असतो, एक सर्किट गेलं तर दुसरं राहतं. राहतं की. पण मागचं गेलं तर पुढचं राहतं, आणि पुढचं गेलं तर? उतारावर वजन पुढे येतं, ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर असतो, आणि पुढचं सर्किट गेल्यावर मागच्या ड्रमवर मोठे जड टायर लावलेली, सामान भरलेली गाडी वरंधा नाहीतर कुंभार्ली उतरवायची? आणि होज दर वेळी फुटूनच जातो असं पण नाही. वारंवार ताण बसून आतला रबराचा थर फाटतो, बाहेरून सगळं नीट दिसतं, पण आतली फाटकी पापडी झडपेसारखी काम करते, पेडल दाबल्यावर ऑइल जातं आणि सोडल्यावर परत येत नाही. मग एक चाक गरम होतं, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, मिस्त्री कॅलिपर बदलतो, पॅड बदलतो, आणि होज तसाच.

जुगाडांबद्दल पण स्पष्ट लिहितो कारण ते मी खूप गाड्यांखाली बघतो. होजचा ब्रॅकेट चेसिसवरून खोलून मोकळा सोडायचा आणि केबल टायने कशाला तरी बांधायचा, हे सगळ्यात जास्त दिसतं. त्याने चार बोटं लांबी मिळते, पण आता सगळा हिसका त्या स्टीलच्या पाइपच्या फ्लेअरवर, म्हणजे पसरवलेल्या टोकावर, येतो, आणि ती पाइप हलण्यासाठी बनलेली नाही, ती फ्लेअरपाशी चिरते. दुसरं म्हणजे दोन होज मधे युनियन (जोडणीचा तुकडा) टाकून जोडायचे, म्हणजे गळायला अजून दोन जागा आणि मधे एक लोखंडाचा तुकडा लटकतोय जो टायरवर नाहीतर शॉकअपवर आपटणार. तिसरं, आणि हे सगळ्यात वाईट, हायड्रॉलिक पाइपवाल्याकडे जाऊन जेसीबीच्या होजमधून पाहिजे त्या लांबीचा तुकडा क्रिम्प करून आणायचा. प्रेशरला तो होज भक्कम आहे हे मान्य, पण आतलं रबर कुठलं? हायड्रॉलिकचा होज मिनरल ऑइलसाठी असतो, त्यात सहसा नायट्राइल रबर असतं, आणि आपलं डॉट 3, डॉट 4 ब्रेक ऑइल ग्लायकॉलवालं असतं, त्यात ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. ब्रेकच्या होजला आत ईपीडीएम (ब्रेक ऑइल सहन करणारं रबर) लागतं, नाहीतर पीटीएफई (टेफ्लॉन). दिसायला दोन्ही काळे पाइपच, म्हणून फसगत होते.

स्टीलची जाळीवाले होज लावले म्हणजे भारी काम झालं असं पण समजू नका. चांगले असतात, पेडल जरा कडक लागतं, पण वरून प्लास्टिकचं कव्हर नसलेली जाळी ज्याला घासते त्याला करवतीसारखी कापते, आणि जाळीत चिखल आणि वाळू बसली की आतल्या नळीलाच खाते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाड्या लाल चिखलातच असतात. कव्हरवाले घ्या. नाहीतर साधा रबरी, ब्रेकसाठीच बनवलेला, योग्य लांबीचा होज मिळाला तर तो पण अगदी उत्तम आहे, मला स्वतःला तोच जास्त पटतो.

आणि योग्य लांबी म्हणजे जितका लांब तितका चांगला असं नाही. जास्त लांब होज वळल्यावर टायरच्या आतल्या बाजूला घासतो, रिमला लागतो, चाक वर दाबलं गेलं की कॉइलच्या वेढ्यात नाहीतर शॉकअप आणि एक्सलच्या मधे चेंगरतो. म्हणून दोन्ही टोकं बघायला लागतात. कॉइलची गाडी असेल तर कॉइल काढा, शॉकअप लावलेला ठेवा, एक्सल खाली सोडा शॉकअप थांबेपर्यंत, दोन्हीकडे फुल कट मारा, आणि या सगळ्यात होजला थोडा तरी बाक शिल्लक राहतो का ते बघा. मग जॅकने चाक बंपस्टॉपपर्यंत (चाक वर जाताना अडवणारा रबराचा ठोकळा) वर न्या आणि परत दोन्हीकडे कट मारून हात घालून बघा कुठे लागतोय का. हे बघताना जे टायर लागणार आहेत तेच लावून बघा, कंपनीच्या टायरवर बघून नंतर रुंद टायर टाकला तर त्या चेकला अर्थ नाही. लक्षात ठेवायचा नियम एकच आहे: एक्सलला खाली जाताना थांबवायचं काम शॉकअपचं, नाहीतर लिमिट स्ट्रॅपचं (एक्सलला ठराविक जागी अडवणारा पट्टा). होजचं कधीच नाही. ज्या गाडीत सगळ्यात आधी होज ताठ होतो त्या गाडीचा एक्सल दाव्याला बांधलेल्या जनावरासारखा ब्रेक लाइनला हिसके देत असतो.

ब्रॅकेट खाली घेऊन तोच होज वापरता येतो का, तर येतो, थोडीशीच कमतरता असेल आणि होज नवा असेल तर. पण मग ब्रॅकेट जाड पत्र्याचा, बोल्टने घट्ट, आणि वरची स्टील पाइप हळूच मोठ्या गोलाईत वाकवून, चेपू न देता. पाइप पुरत नसेल तर नवीन स्टीलची बनवा डबल फ्लेअर मारून, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी नको, ती कंपनाने कडक होऊन चिरते.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. एप्रिल 2019 नंतरच्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस आहे, म्हणजे होजच्या बाजूने सेन्सरची वायर पण चाकाकडे जाते, ती पण तेवढीच ताणली जाते, ती तुटली की मीटरवर दिवा लागतो आणि एबीएस गेलं. एक्सलच्या ब्रीदरची (हवा जाण्यायेण्याची) नळी बघा, ती उपसून आली तर ओढ्यात पाणी थेट डिफरन्शिअलमध्ये. हँडब्रेकची केबल बघा. आणि ज्या गाड्यांत मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, चेसिसवर व्हॉल्व्ह आणि एक्सलला जोडलेली दांडी, तिथे गाडी उचलली की दांडी खाली खेचली जाते आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतं लिफ्ट केल्यापासून ब्रेक कमी लागतो आणि त्याला सांगितलं जातं मोठ्या टायरमुळे आहे. टायरमुळे पण असतं, पण दांडीचा ब्रॅकेट सेट केला का ते आधी बघा.

होज लावताना तांब्याची वॉशर दर वेळी नवी. जुनीच परत दाबून बसवणं हे आपल्याकडे इतकं रुळलंय की नवी मागितली तर दुकानदार पण बघत राहतो, पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊसला चार पैशांची वस्तू आहे ती. बॅन्जो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आटे नीट जुळवा, जपानी गाड्यांत एक पिच आणि दुसऱ्यात दुसरी असं असतं, दोन आटे बसले म्हणजे बोल्ट बसला असं नाही. स्टील पाइपच्या नटाला फ्लेअर पाना वापरा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात आणि मग तो पकडीने (प्लायरने) फिरवायला लागतो. घट्ट करताना होजला पीळ पडू देऊ नका, होजवर लांबीने जी रेघ छापलेली असते ती त्यासाठीच असते, रेघ सरळ म्हणजे होज सरळ. मग एअर काढायची, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळ यायचं, कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तो, आणि ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली की स्कॅनर लावल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत ती निघत नाही. होज बदलताय तर ऑइल पण पूर्ण नवीन भरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, डॉट 4 नवं असताना कमीत कमी 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी ओढल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत येऊ शकते, आणि घाटात तेवढं तापमान कॅलिपरपाशी गाठणं काही अवघड नाही.

आता यात तुमचाच आग्रह मी का धरतोय ते सांगतो. कंपनीच्या गाडीचा ब्रेक होज आयएस 7079 या भारतीय मानकाप्रमाणे पास झालेला असतो, इथे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या होतात, सगळं कागदावर असतं. तुम्ही गाडी उचलली की त्यातलं काही लागू राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं, कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत, इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला ते आधीच स्पष्ट सांगायला पाहिजे. पण लोक ट्रेलसाठी, ट्रॅकसाठी, गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेसाठी गाड्या उचलतातच, आणि स्पर्धेत निदान स्क्रुटिनी तरी असते, रोजच्या गाडीला कोण बघतं? त्या गाडीचा ब्रेक नजरेखालून घालणारा शेवटचा माणूस तुमचा मिस्त्री आहे, त्याच्यानंतर थेट घाट.

किट विकणाऱ्यांना माझं म्हणणं वेगळं आहे. बॉक्सवर "2 इंच लिफ्ट" एवढंच छापू नका. शॉकअप पूर्ण उघडल्यावर किती मिलिमीटर, पूर्ण दाबल्यावर किती, कंपनीच्या शॉकअपपेक्षा किती जास्त, हे छापा. आणि लांब शॉकअप विकताय तर त्या गाडीला लागणारे होज त्याच बॉक्समध्ये टाका, ऑप्शन म्हणून शेवटच्या पानावर नको, किंमत तेवढी वाढवा. मोठे किट विकणारे ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत आहेत, तिथल्या भरपूर किटमध्ये लांब होज नाहीतर ब्रॅकेट येतात, ते जमतं तर इथे पण जमेल.

गॅरेजवाल्यांची अडचण मला कळते. गिऱ्हाईक भाव पाडतं, शेजारचा कमी पैशात करून देतो म्हणतं, आणि होजचं नाव काढलं की तुम्ही बिल वाढवताय असं त्याला वाटतं. मग त्याला गाडीखाली बोलवा. चाक लटकवा, कट मारा, ताठ झालेला होज त्याच्या बोटाला लागू द्या. दहा मिनिटं जातील, पण नंतर पैशावरून वाद घालणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही. आणि इतकं दाखवूनही नको म्हणाला तर लांब शॉकअप लावू नका, कंपनीच्या लांबीचे लावा किंवा लिमिट स्ट्रॅप टाका, नाहीतर काम सोडा. जाऊ दे त्याला शेजारी.

बिलावर एक ओळ हवी: पूर्ण ड्रूपला (चाक पूर्ण लटकवून) आणि पूर्ण कटला होज तपासले, तारीख, तपासणाऱ्याची सही. आणि ज्या गाड्या तुम्ही आधीच उचलून दिल्यात त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांना एकेकाला फोन करा, गाडी बोलवा, चाकं लटकवून बघा, जिथे होज ताठ होतोय तिथे बदलून द्या. त्याचे पैसे घ्या, काही हरकत नाही, पण फोन तुमच्याकडून जाऊ दे.

तुमच्याच गॅरेजांमध्ये गाडीखाली झोपणारा,
पुण्याचा एक जीपवाला